माईकवर पुकारलेलं नाव

विधिमंडळाच्या समितीला खरं म्हणजे माझा आवाज हवा होता. आवाज एकटा कुठे जात नाही, म्हणून मलाही जावं लागलं. समितीपुढे काय झालं ते अहवाल सभागृहाच्या पटलावर येईपर्यंत बाहेर बोलायचं नसतं. तो आता आलेला आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी पनवेलच्या एका शाळेत मराठीचा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर करंजाड्यात फ्लॅट घेतला. शाळेच्या स्नेहसंमेलनात हातात आलेला माईक पुढे लग्नाच्या मांडवातही सुटला नाही. आवाज बरा, उच्चार स्वच्छ, आणि बाहेरचा निवेदक आणला तर त्याला मानधन द्यावं लागतं, मी घरचा. त्यामुळे आमच्या आगरी भावकीत लग्न ठरलं की मुलीच्या बापाला आधी हॉल आठवायचा आणि मग मी. याचा मला अभिमान होता. आता सांगून टाकतो, थोडा माजही होता.

आमच्याकडच्या लग्नात पाहुणा नुसता येऊन उपयोग नसतो, तो माईकवर यावा लागतो. सरपंच, माजी सरपंच, नगरसेवक, ठेकेदार, कंपनीचे मॅनेजर, पतसंस्थेचे संचालक, सगळ्यांची नावं विशेषणांसकट घ्यायची, शाल-श्रीफळ द्यायचं, फोटो काढायचा. अक्षता हातात धरून माणसं घामाघूम होतात, भटजी घड्याळाकडे बघतात, पण एखादं नाव राहिलं तर तो माणूस पुढची दहा वर्षं बोलून दाखवतो. विशेषणांचा माझ्याकडे भरपूर साठा होता. एका मांडवात एकच विशेषण दोघांना द्यायचं नाही, एवढं पथ्य मी पाळत असे, आणि या पथ्याचं कौतुक माझ्याशिवाय कुणालाही नव्हतं.

नावं येतात चिठ्ठ्यांवरून. दारावर स्वागताला उभी असलेली माणसं आलेल्या पाहुण्याचं नाव चिठ्ठीवर लिहून स्टेजवर पाठवतात. चिठ्ठी आली की नाव घ्यायचं. आणि एकदा घेतलेलं नाव मागे घ्यायचं नाही, हा नियम तर कुणी सांगावाही लागत नाही. ‘आत्ता ज्यांचं नाव घेतलं ते आलेले नाहीत’ असं माईकवर म्हणणं म्हणजे भर मांडवात यजमानाचं नाक कापणं. कितीतरी माणसं मी अशी हजर केली आहेत. ती बिचारी त्या वेळी पेणला, पुण्याला, नाहीतर आपापल्या घरी झोपलेली असत.

माझा धाकटा भाऊ तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. औद्योगिक वसाहतीसाठी आमची भाताची जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली. मी डी.एड. करत होतो, म्हणून ती त्याच्या नावावर गेली. वडील म्हणत, ‘एकाला पुस्तक दिला, एकाला जमीन दिली.’ जमीन म्हणजे ती नोकरी. भाऊ तिथे अडतीस वर्षं राहिला, कायम कामगार झाला, युनियनचा सेक्रेटरी झाला. त्याच्या शर्टाला येणारा वास आम्ही घरात कारखान्याच्या नावानेच ओळखत असू.

मग कारखाना तोट्यात गेला आणि विकायला निघाला. विकत घेणारे मुंबईचे एक उद्योगपती होते. कामगार त्यांना ‘नवे शेठ’ म्हणत. नव्या शेठची ख्याती अशी की कारखाना घेतला की आधी कायम कामगार काढायचे आणि मग तीच कामं ठेकेदाराकडून करून घ्यायची. पण वसाहतीतली जागा हस्तांतरित करायला सरकारची परवानगी लागते. ती फाईल एका मंत्र्यांच्या टेबलावर होती. भाऊ युनियनचं शिष्टमंडळ घेऊन त्यांना भेटून आला होता. कामगारांशी बोलल्याशिवाय सही करणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता.

हे सगळं चालू असताना भावाच्या मुलीचं लग्न आलं. खांदा कॉलनीतला हॉल, वैशाखातली दुपार. भावाने पत्रिका सगळ्यांना दिल्या. मंत्र्यांना दिली, जुन्या मालकांच्या मॅनेजरला दिली, आणि त्या मॅनेजरच्या हाती नव्या शेठलाही पाठवली. मी म्हटलं, ‘अरे, ज्याच्याशी भांडायचंय त्यालाच जेवायला?’ तो म्हणाला, ‘दादा, जेवला मंजे जरा तरी लाजंल.’ माणसांबद्दल इतका चांगला समज असलेला युनियन लीडर मी दुसरा पाहिलेला नाही.

मंत्री आले. बाराच्या सुमाराला दारावर एकदम गडबड उडाली, मोबाईल वर झाले, आणि माझ्या हातात चिठ्ठी आली. तीवर मंत्र्यांचं नाव होतं आणि त्याच्याखाली नव्या शेठचं. मी माईक जवळ घेतला. मंत्री महोदय आणि त्यांच्यासमवेत सुप्रसिद्ध उद्योगपती नवपरिणीत दांपत्याला आशीर्वाद देण्यासाठी उपस्थित झालेले आहेत, असं मी सांगितलं. ‘त्यांच्यासमवेत’ हा शब्द चिठ्ठीवर नव्हता. वाक्याला वजन यावं म्हणून मी घातला. त्यानंतर शालींसाठी नावं घेतली, आधी मंत्र्यांचं, मग शेठचं.

मंत्री माझ्यासमोर स्टेजवर चढले. त्यांच्यामागून पांढऱ्या शर्टातले जुने मॅनेजर आले, आणि त्यांच्यामागून टोपी घातलेला एक ड्रायव्हर, हातात भलामोठा पुष्पगुच्छ. शेठची गाडी आली होती, शेठ आले नव्हते. दारावरच्या माणसांनी गाडी ओळखली आणि नाव लिहिलं. शेठच्या नावाची शाल मॅनेजरांनी त्यांच्या वतीने घेतली. हे सगळं मी हातभर अंतरावरून बघितलं. दुरुस्ती करायला दोन मिनिटं मिळाली असती. मी पुढची चिठ्ठी वाचली.

मुलगी सासरी गेली. महिन्याभरात परवानगीवर सही झाली, कामगारांशी कुणीही न बोलता. कारखाना नव्या शेठकडे गेला आणि एके दिवशी सकाळच्या पाळीला गेटवर कायम कामगारांची कार्डं चालेनाशी झाली. नव्या अटींच्या कागदावर सही करा, नाहीतर हिशोब घ्या, असं सांगण्यात आलं. भावाने सही केली नाही. छप्पन्नाव्या वर्षी तो घरी बसला.

विधानसभेत प्रश्न आला. एका विरोधी सदस्याने विचारलं की परवानगी देण्याआधी मंत्र्यांच्या आणि खरेदीदारांच्या किती भेटी झाल्या, कुठे झाल्या, काय ठरलं. मंत्री म्हणाले, परवानगी देईपर्यंत मी त्या गृहस्थांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. सभागृहात गोंधळ झाला आणि शेवटी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची एक समिती नेमली गेली. कारखाना विकून झाला, माणसं घरी बसली आणि मग चौकशी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण भावाला तेवढं घोडंही पुरेसं वाटत होतं. सभागृहात मंत्र्यांनी खोटं सांगितलं असं ठरलं तर परवानगीचा फेरविचार होईल, आणि फेरविचार झाला तर कायम कामगारांना परत घ्यावं लागेल, असं त्याला वकिलाने सांगितलं होतं.

एका संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला. चेहरा उजळलेला. बऱ्याच महिन्यांनी त्याला तसा पाहिला. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. लग्नाची व्हिडिओ शूटिंग होती. मंत्री समोरून दिसत होते, हात जोडलेले. त्यांच्याशेजारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून शाल घेत होता. आणि वरून माझा आवाज येत होता, भरदार, स्वच्छ, शेठचं नाव घेणारा.

‘ऐक,’ भाऊ म्हणाला. ‘तुझाच आवाज हाय. आता बोला मनावं. हातच्या काकनाला आरसा कशाला?’

मी ऐकलं. त्या माणसाची पाठ कुणाची आहे हे मला माहीत होतं. भावाने ती क्लिप तीनदा लावली. तिन्ही वेळा मी गप्प बसलो. लग्नात शाली दिल्या तेव्हा तो नवरदेवाच्या माणसांत अडकला होता, स्टेजवर नव्हता. त्याला खरंच वाटतंय की शेठ आले होते, असं मी धरून चाललो. हॉलमधल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. माईकवर सांगितलं म्हणजे आले.

रात्री बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, ‘इचारला तर सांगा. नाय इचारला तर तुमाला कोनी सांगितलाय?’ मी म्हटलं, विचारणारच नाहीत कशावरून? ती म्हणाली, ‘आता तुमचं तुमी बघा. हौस तुमालाच व्हती.’

क्लिप समितीकडे गेली. क्लिपमध्ये चेहरा नव्हता, नाव होतं, आणि नाव घेणारा मी होतो. मॅनेजर जुन्या मालकांबरोबर गुजरातेत निघून गेले होते. आपल्याला काही आठवत नाही असं त्यांनी लेखी कळवलं. तेव्हा मला पत्र आलं. अमुक दिवशी पनवेलच्या विश्रामगृहाच्या सभागृहात साक्षीसाठी उपस्थित राहावे. पत्राचं मराठी चांगलं होतं.

त्या आठवड्यात मंत्र्यांच्या पक्षाचा एक कार्यकर्ता घरी आला. माझाच जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला. मला वाटलं धमकी असेल, नाहीतर आंब्याची पेटी. दोन्ही नव्हतं. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत. खरं तेच सांगा, एवढीच विनंती आहे.’ मला त्याचा संताप आला. खरं सांगायला मला कुणी सांगावं, आणि तेही यांनी! भावाने मात्र एकदाही विचारलं नाही की तू काय सांगणार. साक्षीच्या आदल्या दिवशी फोन करून एवढंच म्हणाला की सकाळी स्कूटर घेऊन येतो, रिक्षा करू नकोस.

समितीने आधी तळोज्याला जाऊन कारखाना पाहिला. परत आल्यावर सदस्यांचे रुमाल हातातच होते. अध्यक्ष एक बाई होत्या, मृदू बोलणाऱ्या, पण समोरच्या माणसाचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहणाऱ्या. मंत्री आलेले नव्हते. मंत्र्यांना समिती बोलावत नाही. त्यांच्या वतीने खात्याचे सचिव उत्तरं देतात, अशी तिथली रीत. सचिवांसमोर फाईलींचा ढीग होता. प्रत्येक उत्तर ते ‘अभिलेखानुसार’ या शब्दाने सुरू करत. अभिलेखानुसार भेट झालेली नाही. अभिलेखानुसार प्रस्ताव नियमात बसतो. अर्जदार म्हणून भाऊ मागच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तोच शर्ट त्याने मुलीच्या लग्नात दुपारनंतर घातला होता.

मला शपथ दिली. पडद्यावर क्लिप लावली. माझा आवाज सभागृहात घुमला आणि सवयीने माझी मान ताठ झाली. हे सांगायला लाज वाटते, पण झाली.

प्रश्न विरोधी सदस्याने सुरू केले. बरेच दिवस तो बातम्यांत गाजत होता आणि आजचा दिवस तो जिंकणार अशी त्याची खात्री होती.

‘हा आवाज आपला?’

‘हो.’

‘हे नाव आपण घेतलंत?’

‘हो.’

‘मंत्री महोदयांच्या समवेत, असंही आपणच म्हणालात?’

‘हो.’

तो वळून बाकीच्यांकडे बघत म्हणाला, ‘माझं काम झालं.’ इथे थांबलं असतं तर मीही थांबलो असतो. मी तसं ठरवलं होतं. विचारलं तेवढं सांगायचं, बायकोचा सल्ला. पण अध्यक्ष बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘गुरुजी,’ त्या म्हणाल्या, ‘आपण त्यांना पाहिलंत ना?’

सभागृहात पंखे जोरात फिरत होते. मी मागे वळून भावाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की होय म्हणायला एक अक्षर जास्त लागत नाही, आणि माझ्या तोंडून ते निघणार नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. छत्तीस वर्षं मुलांना उभं करून ‘खरं सांग’ म्हणत आलेल्या माणसाची जीभच तशी वळत नाही.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘ते आले नव्हते. त्यांची गाडी आली होती.’

विरोधी सदस्य खुर्चीत पुढे सरकला. ‘मग शाल कोण घेतंय?’

‘जुने मॅनेजर. त्यांच्या वतीने.’

‘न आलेल्या माणसाचं नाव आपण का घेतलंत?’

‘चिठ्ठी आली होती.’

‘आणि आले नाहीत हे कळल्यावर? दुरुस्ती का केली नाही?’

‘माईकवर पुकारलेलं नाव मागे घेत नाहीत.’

एकदम हशा पिकला. सचिवसुद्धा हसले. सत्ताधारी बाजूचे एक वयस्क सदस्य म्हणाले, ‘बाई, हे खरं आहे. मी दिल्लीला असताना उरणच्या एका लग्नात वधूवरांना आशीर्वाद दिल्याचं मला लोकांनी सांगितलंय.’ पुन्हा हशा. विरोधी सदस्य चिडून म्हणाला, ‘म्हणजे गैरहजर माणसाला हजर म्हणणं हा तुमचा धंदाच आहे?’

‘लग्नात म्हणतो,’ मी म्हणालो. ‘इथे शपथ घेतली आहे.’

हे उत्तर मला त्या वेळी फार चोख वाटलं होतं. लघुलेखकाने तेही लिहून घेतलं. अध्यक्ष बाईंनी विचारलं की त्या दोघांची दुसरीकडे कुठे भेट झाल्याचं आपल्याला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. बाईंनी आभार मानले, आणि मी खुर्चीतून उठलो तेव्हा मागची रांग रिकामी होती.

भाऊ बाहेर स्कूटरजवळ उभा होता. त्याने किक मारली. मी मागे बसलो. खांदा कॉलनीच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी त्याने स्कूटर थांबवली आणि दोन कटिंग सांगितले. मला राहवलं नाही.

‘मला माफ कर,’ मी म्हणालो. ‘तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तू ती क्लिप घेऊन आलास त्याच दिवशी. तुला खोट्या आशेवर ठेवलं मी.’

‘खोटी कशाला?’ तो म्हणाला. ‘शेठ आला नव्हता ता मना ठाव व्हता.’

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘तो गुच्छ घरी मीच नेला ना. वर चिट्ठी व्हती. येऊ शकलो नाही, क्षमस्व, आशी. त्याच राती वाचली.’

‘मग तू समितीकडे...’

‘मंग काय करू?’ त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. ‘भेटलेच व्हते ते, दादा. धा वेला भेटले. हाटेलात भेटले, बंगल्यावर भेटले. आख्ख्या तलोज्याला ठाव हाय. ड्रायवर लोक सांगतात, बंगल्यावरचा पोऱ्या सांगतो, पन कागदावर सही कोन देनार? ते भेटले तिथं कोनी माईक घेऊन उभा नव्हता. येकच जागा आशी, जिथं त्या दोगांची नावां येकत्र कोनीतरी मोठ्यानं बोललाय. तू बोललायस.’

‘मला आधी सांगितलं असतंस तर?’

‘सांगितला आसता तर तू खोटा बोलला आसतास?’

मी विचार केला. खरंच केला. ‘नाही,’ म्हणालो.

‘मनून नाय सांगितला. मना वाटला, बाई इचारनारच नाय.’ त्याने चहाचे पैसे दिले. ‘आन इचारला तरी, भाऊ हाय आपला.’

एवढंच बोलला. मग त्याने मला करंजाड्याला घरापाशी सोडलं, त्याच्या वहिनीला हाक मारून विचारपूसही केली, आणि गेला. त्या दिवशी तो भांडला असता तर बरं झालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. पण चावा माझा होता, हे मला कळत होतं, आणि तरी त्या खुर्चीत पुन्हा बसवलं तरी मी ‘नाही’च म्हटलं असतं, हेही कळत होतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मी पुष्कळ प्रयत्न केला.

माईक मी सोडला. भावकीतल्या लग्नांना आता एक मुलगी निवेदन करते, कॉलेजात शिकणारी. तिचा आवाज छान आहे. विशेषणं मात्र सगळ्यांना तीच ती देते.

समितीचा अहवाल अधिवेशनात आला. जाडजूड होता. मंत्री आणि खरेदीदार यांची परवानगीपूर्व भेट झाल्याचे उपलब्ध पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष होता. कामगारांच्या प्रश्नाकडे शासनाने सहानुभूतीने पाहावे, अशी शिफारसही होती. मंत्री अजून मंत्री आहेत. विरोधी सदस्याने पत्रकार परिषद घेतली आणि पुढच्या विषयाकडे वळला.

भाऊ अहवाल घेऊन माझ्याकडे आला. वकिलाने त्याला छापील प्रत मिळवून दिली होती. एव्हाना तो पुन्हा कामाला लागला होता, त्याच कारखान्यात, त्याच खात्यात, पण ठेकेदाराकडून. बसल्या बसल्या त्याने खूण केलेलं पान उघडलं आणि मला वाचून दाखवलं. लहानपणी घरी मी त्याला शिकवलं होतं तसं, स्वल्पविरामाला थांबत, प्रत्येक शब्द सुटा करत. ‘सदर साक्षीदाराने, स्वतःच्या सख्ख्या भावाच्या हिताविरुद्ध जाणारी माहिती, कोणताही आडपडदा न ठेवता समितीसमोर मांडली, त्याच्या प्रामाणिकपणाची, समिती प्रशंसापूर्वक नोंद घेत आहे.’

वाचून झाल्यावर त्याने पान माझ्याकडे वळवलं. ‘झेराक्स काढून ठेवू काय तुला?’ त्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

मी नको म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून मी पान वाचायचं सोंग केलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चहा अर्धा टाकून उठला. दुपारची पाळी होती. ठेकेदाराच्या मुकादमाला पाच मिनिटांचा उशीर चालत नाही. गेटवर समोर उभ्या असलेल्या माणसाला गैरहजर लिहून तो खाडा मांडतो आणि घरी पाठवतो.